अँब्रिजमधला संथ जाच : ‘द आर्चर्स’मधलं हेलन-रॉब प्रकरण

बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या ग्रामीण नभोमालिकेत 3 एप्रिल 2016च्या रविवारी संध्याकाळी हेलन टिचनरने नवऱ्याला, रॉबला, भोसकलं. तेव्हा तिला दिवस भरत आले होते आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा हेन्री घरातच होता. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत ही बातमी होती, म्हणजे एका काल्पनिक गावातल्या काल्पनिक बाईची. हा धक्का नेमका कशाने बसला आणि त्यासाठी अडीच वर्षं काय चाललं होतं, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. श्रुतिका लिहिणाऱ्यांनी तर पाहावंच.

आधी चौकट. 1950 साली मिडलंड्स भागात आठवडाभर चाचणी झाली आणि 1 जानेवारी 1951पासून मालिका देशभर सुरू झाली. दुसरं महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती, तरी रेशनिंग चालूच होतं. शेतकऱ्यांनी नवी तंत्रं उचलावीत आणि उत्पादन वाढवावं, म्हणून गोष्टीतून शेतीसल्ला द्यायचा ही गॉडफ्रे बेझली यांची कल्पना. सल्ल्याचा भाग पुढे मागे पडला, पण गाव राहिलं : अँब्रिज, परगणा बोर्सेटशायर, ‘द बुल’ नावाचा पब, ब्रुकफील्ड, होम फार्म, ब्रिज फार्म. हे प्रकरण चालू होतं त्या काळात रविवार ते शुक्रवार असे आठवड्याला सहा भाग लागायचे. एकेक भाग साडेबारा-तेरा मिनिटांचा. रविवारी सकाळी सगळे एकत्र, सव्वा तास. गोष्टीतली तारीख आणि श्रोत्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख एकच असते. एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, उन्हाळ्यात मुरघासाची कापणी होते, डिसेंबरात गावची नाटकमंडळी तालमीला बसतात. उडी मारून ‘सहा महिन्यांनंतर’ म्हणायची सोय नाही. हेलनची गरोदरपणं, आजारपणं, तुरुंगवास सगळं खऱ्या गतीने गेलं.

आपल्याकडे ‘पुन्हा प्रपंच’मधल्या टेकाडे भावजींची वाट पाहणारी घरं होती, तशीच ही सवय. फरक इतकाच, की इथे ती सत्तर वर्षांहून अधिक काळ मोडलेली नाही. पात्राचं तरुणपण, लग्न, म्हातारपण एकाच नटाच्या आवाजात ऐकलेले श्रोते आहेत. फिल आर्चरचं काम करणारे नॉर्मन पेंटिंग 1950च्या चाचणीपासून 2009 साली वारेपर्यंत त्याच भूमिकेत होते.

हेलनची जमापुंजी

रॉब आला तेव्हा हेलन कोरी पाटी नव्हती, आणि प्रकरणाचा अर्धा पाया तिथेच आहे. पॅट आणि टोनी आर्चर यांची ही मुलगी. ब्रिज फार्म सेंद्रिय शेतीचं, तिथे ती चीज बनवायची. भाऊ जॉन 1998 साली ट्रॅक्टरखाली सापडून गेला. ज्याच्याबरोबर ती राहत होती त्या ग्रेग टर्नरने 2004 साली आत्महत्या केली. त्यानंतर तिने खाणंच सोडलं होतं, दवाखाना झाला होता. हेन्री हा दात्याच्या वीर्यापासून, तिने एकटीने निर्णय घेऊन झालेला. तो जन्मला मालिकेच्या साठाव्या वाढदिवसाच्या भागात, जानेवारी 2011मध्ये.

जुन्या श्रोत्याला हे सगळं पाठ होतं. रॉबलाही हळूहळू कळलं. ‘तू मागे आजारी होतीस ना’ हे वाक्य कुठल्याही वादात चालणारं नाणं होतं आणि ते खोटंही नव्हतं. लेखकांनी इथे फार हुशारी केली. जाच करणाऱ्याच्या हातात नवी शस्त्रं दिली नाहीत. वीस वर्षांच्या गोष्टीतली जुनी दुःखंच त्याच्या हाती लागली.

रॉब टिचनर 2013 साली गावात आला तो बेरो फार्मच्या प्रचंड डेअरीचा व्यवस्थापक म्हणून. गाई चरायला न सोडता शेडमध्ये ठेवायच्या, या पद्धतीवर गाव आधीच दुभंगलं होतं. त्यामुळे श्रोत्यांचा त्याच्यावरचा राग सुरुवातीला शेतीच्या वादात मुरला. लग्न झालेला, रुबाबदार, थोडा घमेंडी माणूस एवढंच. जेस ही त्याची बायको. ती आणि हेलन यांच्यात काय खरं-खोटं चाललंय याचा रॉबने केलेला गोंधळ म्हणजे पहिली पायरी होती, पण तेव्हा ती साधी भानगड वाटली.

जाच कसा रचला

लेखकांचं तंत्र एका दृश्यात पकडायचं तर ड्रेसचं दृश्य घ्यावं. हेलन बाहेर जायला तयार झाली आहे, नवा ड्रेस घातलाय, खुशीत आहे. रॉब ओरडत नाही. तो ड्रेस जरा जास्तच उघडा वाटतो, एवढं म्हणतो. मग थोडं हसणं, थोडी शांतता, आणि ती बदलून येते. त्यानंतर तो कौतुक करतो. रेडिओवर यातला ड्रेस कुणी पाहिलाच नाही. तो खरंच उघडा होता की नव्हता, हे श्रोत्याला तपासता येत नाही. ऐकू येतं ते फक्त तिच्या आवाजातला उतरलेला अर्धा सूर. टीव्हीवर हा प्रसंग कपड्यांविषयी झाला असता. कॅमेऱ्याने ड्रेस दाखवला असता आणि प्रेक्षकाने मत दिलं असतं.

पुढच्या पायऱ्या अशा, आणि प्रत्येकीला काही ना काही सबब होती. किरकोळ अपघात झाला, म्हणून तिने काही दिवस गाडी चालवू नये. गरोदर आहे, थकते, म्हणून ब्रिज फार्मच्या दुकानाचं काम त्याने हाती घेतलं. किर्स्टी ही जिवलग मैत्रीण, पण ती हेलनला भडकवते, म्हणून तिच्याशी अंतर. हेन्रीला बाप हवाच ना, म्हणून त्याच्यावरचा हक्क रॉबकडे. 2015च्या ऑगस्टमध्ये दोघांनी घरच्यांना न सांगता आयल ऑफ वाइटवर लग्न केलं होतं, तेही ‘गोड सरप्राइज’ म्हणून खपलं. पुढे पुढे तर हेलनलाच वाटू लागलं, आपण विसरतोय, आपलंच डोकं ठिकाणावर नाही. रॉबने तिला मानसोपचाराच्या दारापर्यंत नेलं. हेन्रीला स्वतः शिकलेल्या निवासी शाळेत पाठवण्याचा बेत केला. एका रात्री तिच्या मनाविरुद्ध झालेला संबंध श्रोत्यांना ऐकवला नाही. दुसऱ्या दिवशीच्या तिच्या बोलण्यातून तो कळला.

मारहाण हे या माणसाचं मुख्य हत्यार नव्हतं, हे नोंदवायला हवं. टिमथी वॉटसन यांचा आवाज मऊ, समजूतदार, ‘अगं वेडे’ म्हणणारा. लुइझा पटिकास यांनी हेलनच्या वाक्यांच्या शेवटाला प्रश्नचिन्ह आणत नेलं. 2013मध्ये ठाम बोलणारी बाई 2016मध्ये प्रत्येक विधान विचारून करायची. तीन वर्षांपूर्वीचा आणि तेव्हाचा भाग मागे-पुढे लावला तर फरक अंगावर येतो, पण रोज ऐकणाऱ्याला कधी झाला ते सांगता येत नाही.

निर्मितीची चौकटही इथे कामाला आली. प्रत्येक भागात मोजकेच कलाकार परवडतात. महिन्यातून एकदा ठरावीक दिवस बर्मिंगहॅमच्या मेलबॉक्समधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण होतं, एका भागाला जेमतेम दोन तास मिळतात. तेव्हा एका बंद स्वयंपाकघरात दोनच माणसं, हा प्रसंग खर्चालाही सोयीचा. याच स्टुडिओत इस्त्रीचं टेबल उघड-बंद करून शेताच्या फाटकाचा आवाज काढतात आणि ओला टॉवेल दही लावून जमिनीवर टाकला की कोकरू जन्मतं. हेलन-रॉबच्या घरातल्या, म्हणजे ब्लॉसम हिल कॉटेजच्या दृश्यांत अशा करामती नव्हत्या. भांडी, पावलं, दार, आणि बराच वेळ काहीच नाही.

एक गोष्ट मात्र अनेक नव्या श्रोत्यांची पंचाईत करते : पात्र आठवडेच्या आठवडे ऐकू आलं नाही म्हणजे ते गावातून गेलं असं नाही. त्या आठवड्याच्या कलाकारांत ते नसतं, इतकंच. म्हणून किर्स्टी कुठे गेली, पॅटला कसं दिसत नाही, असे प्रश्न पडले तर काही वेळा त्यांचं उत्तर गोष्टीत असतं आणि काही वेळा हिशेबात. हे दोन्ही वेगळं ओळखणं अनुभवी कानालाच जमतं.

गावाला का कळलं नाही

पॅट आर्चर म्हणजे मालिकेतली सर्वांत जागरूक बाई. ऐंशीच्या दशकात स्त्रीवादी विचार उघडपणे मांडणारी, सेंद्रिय शेतीसाठी भांडलेली. पोटच्या मुलीच्या घरातलं तिला दिसलं नाही. यावर बरेच श्रोते चिडले; पण हा दोष लेखकांचा नाही, उलट तोच अभ्यासाचा मुद्दा आहे. पॅटच्या वाट्याला आलेला रॉब वेगळाच होता : दुकानात राबणारा, नातवाचे लाड करणारा, अवघड वेळी धावून येणारा. शिवाय या घराला मुलीबद्दल आधीपासून धाकधूक होती. जॉन गेला, ग्रेग गेला, मग मुलीचं खाणं सुटलं. ‘ती परत ढासळतेय’ हे रॉबचं म्हणणं त्यांच्या मनातल्या भीतीशी तंतोतंत जुळलं. भीतीला दुजोरा देणारा माणूस विश्वासाचा वाटतो.

त्यात गावावर संकटंही आली. 2014च्या अखेरीला टोनीला वळूने तुडवलं. मार्च 2015मध्ये अॅम नदीला पूर आला आणि अर्धं गाव पाण्याखाली गेलं. डेअरी वाचवायला रॉबनेच नाल्याची मोरी बुजवली होती आणि त्यामुळे पाणी गावात शिरलं, हे पुढे कळलं. पुरात मात्र तो बचावकार्यात पुढे होता. लोकांनी पाठ थोपटली. मालिकेत एका वेळी पाच-सहा धागे चालतात आणि हेलनचा धागा त्यात बुडून जायचा. श्रोताही पुराच्या आठवड्यात हेलनला विसरला होता.

चाकूचा भाग आणि दोन कलमं

3 एप्रिलच्या भागात हेलन सोडून जाते असं सांगते. त्या क्षणी जाच एकदम उघडा होतो. सोडून जाणं हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो, हे घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्था कायम सांगतात. लेखकांनी रेफ्यूज आणि विमेन्स एड या संस्थांचा सल्ला घेतला होता आणि इथे तो दिसतो. रॉब चाकू तिच्या हातात ठेवतो, हेन्री खाली येतो, रॉब त्याच्याकडे वळतो, चाकू लागतो. रॉब जगतो.

रॉब जगला याने कायद्याचं चित्र पालटलं. तो मेला असता तर खुनाचा आरोप आला असता आणि ‘संयम सुटला’ हा 2009च्या कायद्यातला अर्धा बचाव हेलनला घेता आला असता. तो मान्य झाला तर गुन्हा सदोष मनुष्यवधापर्यंत उतरतो. हा बचाव फक्त खुनाच्या आरोपाला चालतो. खुनाच्या प्रयत्नाला नाही. तिच्यावर खुनाचा प्रयत्न आणि पर्यायी आरोप म्हणून जाणूनबुजून गंभीर जखम करणं, असे दोन आरोप होते. दुसराही हलका नव्हे; 1861च्या कायद्यात त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मधला मार्ग उरला नाही. स्वतःचा किंवा हेन्रीचा बचाव म्हणून सुटका, नाहीतर दोषी.

इथे दोन कलमांची गल्लत खूप झाली, आणि गंमत अशी की दोन्हींचा क्रमांक 76 आहे. सीरियस क्राइम अॅक्ट 2015चं कलम 76 जोडीदारावर नियंत्रण आणि दडपण यांना स्वतंत्र गुन्हा ठरवतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते 29 डिसेंबर 2015ला लागू झालं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. वागणं वारंवार किंवा सतत हवं, आणि परिणाम गंभीर हवा : हिंसेची भीती किमान दोनदा वाटली पाहिजे, नाहीतर इतका त्रास की रोजच्या व्यवहारावर मोठा परिणाम व्हावा. ड्रेस, गाडी, दुकान, मैत्रीण हे सगळं या व्याख्येच्या साच्यात बसतं. पण हे कलम रॉबवर खटला भरण्यासाठी. हेलनच्या बचावाचं कलम क्रिमिनल जस्टिस अँड इमिग्रेशन अॅक्ट 2008मधलं 76, स्वसंरक्षणासाठी वापरलेलं बळ वाजवी होतं का हे पाहणारं.

आणखी एक बारीक पेच. नवा गुन्हा मागे जाऊन लागू होत नाही. रॉबचं 2014-15मधलं वागणं, म्हणजे जाचाचा जवळजवळ सगळा पाया, त्या कलमाखाली येतच नव्हता. हाती उरले 29 डिसेंबरपासून 3 एप्रिलपर्यंतचे तीन महिने आणि काही दिवस. ‘आता कायदा आलाय, रॉब अडकणार’ असं मानणाऱ्यांचं हे राहून गेलं. भारतातला वाचक इथे आपल्या 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याशी तुलना करेल. त्यात शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळ दहा वर्षं आधीच नोंदलेला आहे, पण तो मुख्यतः संरक्षण आणि निवाऱ्याचे आदेश देणारा, दिवाणी वळणाचा कायदा. इंग्लंडने थेट फौजदारी गुन्हा केला.

खटला : काय जमलं, काय बिघडलं

हेलनला जामीन मिळाला नाही. तुरुंगात बाळ झालं; तिने जॅक नाव ठेवलं, रॉबच्या तोंडी तो गिडियन. हेन्री रॉब आणि त्याची आई अर्सुला यांच्याकडे. अँना ट्रेगोरन ही वकील, पण हेलन तिच्याशीही बोलेना. न बोलणारं अशील हा वकिलाचा सर्वांत मोठा अडसर, आणि मालिकेने तो आठवडेच्या आठवडे टिकवला. कंटाळवाणं झालं, तक्रारी आल्या. पण इथे घाई केली असती तर तीन वर्षांची मेहनत वाया गेली असती.

सप्टेंबरमध्येच खटला उभा राहिला तेव्हा ‘इतक्या लवकर?’ अशी टीका झाली. ती फारशी टिकत नाही. आरोपी कोठडीत असेल तर क्राउन कोर्टात खटला सुरू होण्यासाठी 182 दिवसांची मुदत असते. एप्रिल ते सप्टेंबरची सुरुवात म्हणजे पाच महिने. बसतं.

टीका करायची तर दुसऱ्या जागी करावी. जेस, रॉबची पहिली बायको, शेवटच्या टप्प्यावर येऊन साक्ष देते आणि पारडं फिरतं. नाट्यगृहात टाळ्या मिळतील अशी ही युक्ती. तोवरच्या गोष्टीचं बळ असं होतं की साक्षीदारच नव्हता. चार भिंतींत काय घडलं ते फक्त श्रोत्यांनी ऐकलं होतं आणि श्रोत्यांना साक्ष देता येत नव्हती. ज्यूरीसमोर एका सभ्य माणसाला लागलेला चाकू आणि जुना मानसिक आजार असलेली बायको एवढंच होतं. त्या पुराव्यावर निकाल काय लागला असता, हा खरा प्रश्न. जेसने तो सोपा करून टाकला.

11 सप्टेंबर 2016चा भाग एक तासाचा केला. त्यातला मोठा हिस्सा ज्यूरीच्या खोलीत. आईलीन अॅटकिन्स, नायजेल हॅवर्स, कॅथरीन टेट असे नामवंत त्या टेबलाभोवती बसवले. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की 1959चा नानावटी खटला आठवतो, कारण नंतर ती पद्धतच गेली. इंग्लंडमध्ये आजही ज्यूरीच्या खोलीतली चर्चा बाहेर सांगणं गुन्हा आहे, त्यामुळे ती खोली लिहिणाऱ्याला आधार कल्पनेचाच. चर्चेत समाजातले सगळे ठरीव सूर उमटले : ‘मग सोडून का गेली नाही’, ‘पुरुषाचं ऐकायचं कोण’. विचार म्हणून बरोबर, पण साडेबारा मिनिटांच्या कुजबुजीवर वाढलेल्या गोष्टीला तासाभराचं व्यासपीठ पेललं नाही. नामवंत आवाज ओळखू येतात आणि कान पात्राऐवजी नटाकडे जातो. निकाल : दोन्ही आरोपांतून मुक्त.

बाहेरचा परिणाम मात्र गोष्टीतल्या निकालाची वाट पाहत थांबला नव्हता. फेब्रुवारी 2016मध्ये, चाकूच्याही आधी, एका श्रोत्याने हेलनच्या नावाने देणगी गोळा करायला सुरुवात केली. पैसे रेफ्यूजला. निकालापर्यंत आकडा दीड लाख पौंडांच्या पुढे गेला. लोक पैशांबरोबर चिठ्ठीही लिहीत होते, त्यांतल्या कित्येक स्वतःच्या घराविषयी. हे घडलं ते संथ भागांमुळे, सनसनाटी भागाआधी. तारखा पाहिल्या की ते स्पष्ट होतं.

निकालानंतरचं मालिकेने टाळलं नाही, हे तिचं श्रेय. सुटका झाली तरी रॉब बाप राहिलाच. कौटुंबिक न्यायालय, भेटीचे हक्क, मुलाला उचलून नेण्याचा प्रयत्न, मग त्याचं देशाबाहेर जाणं असं सगळं रांगेने आलं. यात कायद्याचं एक भोक होतं. 2015च्या कलमात जोडीदार वेगळे झाले आणि एकत्र राहत नसतील तर नियंत्रणाचा गुन्हा लागत नसे. घटस्फोटानंतर फोन, पैसा, मुलं यांच्या आडून चालणारा छळ त्यामुळे बाहेर राहायचा. डोमेस्टिक अब्यूज अॅक्ट 2021ने ती अट काढली आणि हा बदल 5 एप्रिल 2023पासून लागू झाला. त्याच वर्षी रॉब अँब्रिजमध्ये परतला, मेंदूच्या गाठीने मरणाच्या दारात, आणि जॅकला भेटायची मागणी घेऊन. मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, ही सबबही त्याने शेवटपर्यंत चालवली. हेलन या वेळी नाही म्हणाली, आणि गावातल्या काहींना ती कठोर वाटली.